पुढे आलेला हात

हलीमखालाने पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. तिने माझं मनगट धरलं.

मी नुकताच बदलीवर आलो होतो. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात वातीचा स्टोव्ह आणि चेहऱ्यावर फासावर निघालेल्या माणसाचा भाव. मी घेतलेल्या खोलीशेजारच्या ओट्यावर एक उंच, हाडकुळी बाई काचेच्या बांगड्या दोरीत ओवत बसली होती. तिने हात पुढे केला. मला वाटलं, स्टोव्ह धरतेय. तिने मनगटच पकडलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर होय? मनगट तं पोरीचं हाय जी. सव्वादोनाची बांगडी सर्रकन जाईन. घरी खायले देत नवते का?"

बांगड्या भरायला आलेल्या बाया हसल्या. बांगडीच्या त्या मापावरून त्या गावात माझं पहिलं नाव पडलं ते 'सव्वादोन मास्तर'. हजेरीपटावरचं नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे.

मी वरोऱ्याचा. आमच्याकडे त्या काळी, म्हणजे नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत, गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली की शेजारीपाजारी सांत्वनाला येत. त्यात मी जन्मजात भित्रा. वाघाला भितो, सापाला भितो, तलाठ्याला भितो, आणि या तिघांत मला फार फरक वाटत नाही. गाव तालुक्याचं होतं, चामोर्शीच्या बाजाराला जायला सोयीचं होतं, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही. तिथल्या कचेरीतली काही माणसं अजून पेन्शन खातात आणि माझा पत्ता त्यांच्यापाशी आहे.

हलीमखाला बांगड्या भरायची. तिची सासू भरायची, सासूची सासूही भरायची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. एक पत्र्याची पेटी, तिच्यात रंगांच्या माळा, आणि आठवडी बाजारात मांडायला एक फाटकं पाल. बाई समोर बसली की खाला आधी तिचा हात मांडीवर घेई, पिठाचा गोळा मळावा तसा तळवा मळी आणि तोंडाने शिव्यांचा पट्टा सुरू करी. "ढिला सोड वं हात! दगडावानी काऊन धरून ठेवला? नवऱ्याले मारून आली का काय?" बाई हसली की हात ढिला पडे, आणि त्या क्षणी बांगडी अंगठ्याच्या सांध्यावरून आत गेलेली असे. शिव्या हीच तिची भूल होती. शेवटी प्रत्येक हातात एक बांगडी जास्तीची, फुकट. "ही अल्लाची," म्हणायची.

तिचा एक नियम होता. पेटी सोपवताना सासूने तेवढाच सांगितला होता. "हात पुढं आला का भराचा. रिकामा वापस नाई धाडाचा." एकदा बाजारात एक विधवा बाई कितीतरी वेळ घुटमळली आणि तिने हळूच हात पुढे केला. खालाने काहीही न विचारता काळ्या काचेच्या दोन दोन बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाईची सासू ओट्यापुढे उभी राहून गरजली. खाला माळ ओवता ओवता म्हणाली, "मी हात पाह्यतो बाई. कपाळ पाहाचं काम तुमाले ठेवलं हाय." भांडण संपलं नाही, पण ऐकणाऱ्यांचं मत ठरलं.

तिची नजर जात चालली आहे हे मला फार उशिरा कळलं. मी रोज सकाळी दारातून तिला नमस्कार करायचो आणि ती माझ्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. माझा स्वाभिमान दुखावला. मी नमस्कार बंद केला आणि रुसून बसलो. माझा रुसवा चांगला महिनाभर टिकला आणि पूर्ण वाया गेला, कारण तो कळायला तिला मी दिसायला हवा होतो. काचबिंदू होता. आधी दोन्ही बाजू गेल्या, मग वरचं-खालचं, आणि उजव्या डोळ्यात सुईच्या नेढ्याएवढा उजेड उरला. गल्लीतला किराणावाला म्हणे, "जिंदगीभर काच विकली, आता काच डोळ्यात शिरली." मला ते वाक्य फार वाङ्मयीन वाटलं. त्याचे परिणाम पुढे सांगतो.

दिसेनासं झालं तरी ती भरत होती. पूर्वी बांगडी उजेडासमोर धरून ती चीर शोधायची, आता नखाने टिचकी मारून ऐकायची. चांगल्या काचेचा आवाज वेगळा, तडकलेलीचा वेगळा. ते तिला पुरत होतं, आसपास शांतता असेतोवर.

लग्नसराईत वनिता नावाची पोरगी चुडा भरायला आली. ओट्यावर बायांची ही गर्दी, गाणी, हशा, कुणाचं पोर रडतंय. त्या गलक्यात एका बांगडीची टिचकी खालाला नीट ऐकू आली नाही. बांगडी सांध्यावर अडली, तिने दाब दिला आणि काच मोडून मनगटात शिरली. मी दारात उभा होतो. रक्त मी त्याआधी पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते असं उडतं हे मला ठाऊक नव्हतं. मी काय केलं? दरवाजा लावून घेतला. आतून कडीही लावली, जणू रक्त माझ्या मागे धावत येणार होतं. शेवटी बायांनीच पोरीला दवाखान्यात नेलं. टाके पडले, जीव वाचला, लग्न ठरल्या दिवशी झालं. सासरी जाताना वनिता स्वतः येऊन खालाच्या गळ्यात पडून गेली.

पण हलीमखाला त्या दिवसानंतर बदलली. शिव्या थांबल्या. बाई समोर बसली की खालाच्या ओठांवर दुवा पुटपुटणं सुरू होई आणि कपाळावर घाम येई. बाई गेली की ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसे, दुसऱ्याचे असल्यासारखे.

एका दुपारी ती भिंतीला धरून माझ्या दारात आली. "मास्तर, सरकार आंधळ्यायले पगार देते म्हनते. खरं हाय का जी?"

"खरं आहे. पण खाला, तुम्ही..."

"मी आंधळी हावो." हा शब्द स्वतःबद्दल तिने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. "पगार भेटला तं पेटी बंद करीन. आता बंद केली तं खाईन काय? अन् उघडी ठेवली तं बाया येतीन. हात पुढं येईन, अन् मी भरीन. मास्तर, एखांद्या दिवशी मी कोनाची तरी पोरगी मारून टाकीन. मले लय भेव वाट्टे. लिवा ना जी अर्ज."

मी लिहिला. सारा जीव ओतून लिहिला, तिथेच घोटाळा झाला. किराणावाल्याचं ते काचेचं वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात घातलं. 'व्यवसाय' या रकान्यात फक्त 'नाही' लिहायचं होतं. पण शेजारणीचा अभिमान उफाळून आला आणि मी लिहिलं : 'बांगड्या भरणे. अत्यंत कुशल. संपूर्ण तालुक्यात नावलौकिक.' 'कुशल'खाली रेघही मारली. कचेरीतल्या बाबूने तो अर्ज सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "गुर्जी, हा अर्ज पगाराचा हाय का पुरस्काराचा?"

मी दुसरा अर्ज लिहून दिला. पण कचेरीत एकदा शिरलेला कागद जंगलात शिरलेल्या जनावरासारखा असतो. दिसत नाही म्हणजे गेला असं नाही.

मग डॉक्टरांचा दाखला हवा होता. त्यासाठी जिल्ह्याला जायचं, तेही ठरलेल्या वारी. एसटीने निघालो. अर्धी वाट झाली आणि जंगलात रस्त्यावर एक मोठं झाड आडवं पडलेलं. ते वाऱ्याने पडलं नव्हतं, बुंध्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते. त्या वर्षांत अशा झाडाचा अर्थ, म्हणजे नक्षलवाद्यांचा बंद, गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर पुटपुटला, "दादालोकायनं बंद पाळाले सांगतला असन." तसलं झाड कुणी हलवत नाही. हात लावणाऱ्याचं नाव झाडांना कळतं म्हणतात. गाडीभर माणसं, आणि एका पोराचंही रडणं नाही.

"काय झालं जी?" खालाने खणखणीत आवाजात विचारलं.

मी तिच्या कानाशी कसंबसं म्हणालो, "झाड पडलंय."

"मंग? झाड पडलं तं पडलं. झाडाले काय भ्याचं?" तिने अंधारात चाचपावं तसं माझं मनगट शोधलं. "या अल्ला! मास्तर, नाडी तं शेळीवानी पळून राह्यली तुमची."

तिला खरंच भीती वाटत नव्हती. बराच वेळ वाट पाहून ड्रायव्हरने गाडी शेताच्या धुऱ्यावरून, कापलेल्या धानाच्या बांधीतून घातली. गाडी कलली, बाया देवाचं नाव घेऊ लागल्या, मी आईचं घेतलं. खाला मात्र शेजारच्या बाईला पोरीचं लग्न कधी म्हणून विचारत होती. त्या बाईने बोलता बोलता सहज आपला हात खालाच्या हातावर ठेवला. खालाने चटका बसल्यासारखा हात मागे ओढला आणि पुढची सगळी वाट ती तो मांडीखाली घालून बसली.

डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन डाव्या डोळ्यात बॅटरी मारली. बुबुळाच्या इतकी जवळ, की मलाच डोळे मिटावेसे वाटले. खाला शांतपणे म्हणाली, "लावली का जी?"

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. मग दाखला दिला. मी तो परतीच्या वाटेवर पोटाशी धरून बसलो. आता काम झालं, असं मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. मी असं ज्याला ज्याला सांगितलं आहे, त्याचं काम झालेलं नाही.

राहिली होती फक्त तलाठ्याची घरचौकशी. तलाठीभाऊ माणूस सरळ होता. बाजाराच्या दिवशी आला, सोबत बायको. दिवस भरत आलेली, पहिलटकरीण. त्याने ओट्यावर बसून विचारलं, घर कोणाचं, शेती आहे का, कोणी कमावतं आहे का. खाला नीट उत्तरं देत होती. मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो. तेवढ्यात तलाठ्याची बायको लाजत म्हणाली, "खाला, हिरवा चुडा भराचा होता. आई म्हने, भराचा तं तुमच्याच हातचा." आणि तिने हात पुढे केला.

चौकशी चाललेली, समोर चौकशी करणारा बसलेला, आणि त्याच्याच बायकोचा हात! मी खालाला खुणा करू लागलो. भुवया उडवल्या, मान हलवली, दोन्ही हातांनी 'नको, नको' केलं. मी एका आंधळ्या बाईला डोळ्यांनी खुणा करत होतो. त्या खुणा नीट पाहिल्या त्या फक्त तलाठ्याने.

"गुर्जी, काही दुखते का?" त्याने काळजीने विचारलं.

खालाचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, नाही म्हणेल. पण गरोदर बाईचा पुढे आलेला हात होता तो. तिने पेटी ओढली. हिरवी माळ दोरीच्या गाठीवरून बोटांनी ओळखली, एकेका बांगडीला टिचकी मारली, कानाशी नेली. मग तो हात मांडीवर घेतला. शिवी नाही, थट्टा नाही. ओठ हलत होते. घामाचे थेंब हनुवटीवरून पोरीच्या तळव्यावर पडत होते. एकेक बांगडी चढत होती आणि प्रत्येक बांगडीला मी मनातल्या मनात रक्त पाहत होतो. दोन्ही हात भरले. अल्लाची बांगडीही भरली. एक ओरखडा नाही.

तलाठी थक्क होऊन पाहत होता. "वा खाला! अशी सफाई तं डोळेवाल्यायले जमत नाई."

ते निघून गेले. खाला आत गेली. आतून तिला ओकारी झाल्याचा आवाज आला.

पुढे उत्तर आलं. 'अर्जदार व्यवसाय करून उपजीविका करीत असल्याचे प्रत्यक्ष चौकशीत आढळले, तसेच दृष्टीबाबत संशय वाटतो, सबब प्रकरण नामंजूर.' माझा जुना 'कुशल' अर्ज पुरावा म्हणून जोडला होता. रेघेसकट. मी तलाठ्याला गाठलं. तो खरोखर हळहळला. "गुर्जी, मी जे डोळ्यानं पाह्यलं थेच लिवलं. खोटं कसं लिवू?" त्याच्यावर रागवायलाही जागा नव्हती.

अपील एसडीओ साहेबांकडे करायचं होतं. ते केलं, आणि मग खरी भीती सुरू झाली. त्या दिवसांत तालुक्यात बोगस प्रकरणं शोधण्याची लाट आली होती. योजनेच्या समितीचे अध्यक्ष चहाच्या टपरीवर बोलून गेले म्हणे, की खोटं आंधळं होणाऱ्यांना आत टाकू, अन् त्यांच्या साक्षीदारांनाही. साक्षीदार मी होतो. रस्त्यावर जीपचा आवाज आला की भिंतीच्या पलीकडून खाला हाक मारी, "मास्तर, पोलीस होय का जी?" आणि मी अलीकडून विचारी, "खाला, कुठल्या बाजूने येतेय?" मी आरशापुढे उभा राहून पोलिसांना द्यायची उत्तरं पाठ करी. आरशातला माणूस प्रत्येक वेळी गुन्हा कबूल करी.

आणि बाया येतच होत्या. पोट तर होतं, नियमही होता. ती भरत होती. दर बाजारी परत आली की तिचा पहिला प्रश्न असे, "मास्तर, माह्या लुगड्यावर पाहा बरं, कुठी डाग तं नाई ना?" मी कंदील धरून पदर, निऱ्या, बाह्या तपासत असे. नाही म्हटलं की ती खाली बसे. डाग रक्ताचा आहे की पानाचा, हे तिला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

अपिलाची तारीख आली. साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. आवाज मऊ. मऊ आवाजाच्या साहेबांना मी जास्त भितो. टेबलावर काच, काचेखाली हिरवं कापड. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते.

"आजी, तुम्हाला दिसतं का?"

"नाई साहेब."

"मग बांगड्या कशा भरता?"

"भेऊ भेऊ भरतो, साहेब."

साहेबांनी मान वर केली. अध्यक्ष हसले. "साहेब, माह्या घरच्या साऱ्या बाया हिच्यापाशी भरते. एका पोरीचं झालं थे झालं, थे कोनाच्याही हातून होते. पन आंधळी? रंग कसा ओळखते मंग? अन् सही पाहा कोनाची, या गुर्जीची. तलाठ्यासमोर कथ्थक करून राह्यले होते." त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. "होऊन जाऊ द्या ना प्रत्यक्ष."

साहेबांनी कचेरीतल्या टायपिस्टबाईंना बोलावलं. बाई आल्या, प्रकरण कळल्यावर त्यांनी हात पदरात घेतला. "बसा," साहेब म्हणाले. त्या खुर्चीवर बसल्या. खालाला खुर्चीचा आवाज ऐकू आला, बाईंच्या जुन्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. तिने डोकं हलवायला सुरुवात केली. "नोको साहेब. साहेब, नोको. लेकराची माय असन थे. नोको."

"नाटक पाहा," अध्यक्ष म्हणाले.

टायपिस्टबाईंचा हात पदरातून बाहेर यायला लागला, आणि मी उठलो. का उठलो, मला आजही सांगता येत नाही. शौर्य नव्हतं ते, याची खात्री देतो. ते आमच्या घराण्यात नाही. मी म्हणालो, "साहेब, माझ्या हातात भरायला सांगा."

कचेरी हसली. "बराबर हाय," अध्यक्ष म्हणाले, "गुर्जीले बांगड्याच शोभतेत."

मी बाही सारून हात खालापुढे टेबलावर ठेवला. तिने तो चाचपून ओळखला. "मास्तर, काऊन जी? काऊन हात पुढं केला तुमी?" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. पण हात पुढे आलेला होता. तिने बांगडी घेतली, टिचकी मारली. अध्यक्ष तेव्हाही बोलत होते, पंखा खडखडत होता, कोणीतरी हसत होतं. तिने कान जवळ नेला, पुन्हा टिचकी मारली. तिची बोटं बर्फासारखी होती. बांगडी सांध्यावर आली. तिने दाब दिला.

काच मोडल्याचा आवाज बारीकसाच आला. तिचे दोन्ही हात हवेत उडाले.

"रगत आलं का?" ती म्हणाली. माझ्या मनगटातून रक्त निघून टेबलाच्या काचेवर पसरत चाललं होतं. लाल, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, साहेबांच्या फायलीकडे. खाला टेबलावर वाकली आणि माझा दंड चाचपू लागली. मग कोपर. मग माझा दुसरा, चांगला हात. तो उलटापालटा करून ती त्यावर बोटं फिरवत होती, चेहरा अगदी जवळ नेऊन त्या कोरड्या मनगटाकडे पाहत होती. "रगत आलं का जी? कोनी सांगा ना! साहेब, सांगा ना, कुठी लागलं? मास्तर, बोला ना!" तिची कोपरं रक्तात भिजली होती आणि ती विचारत होती.

मी म्हणालो, "नाही खाला. काही नाही आलं."

"हे वल्लं काय हाय मंग?"

"पाण्याचा गिलास सांडला."

अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. साहेब उभे राहिले होते. "पुरे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. "पुरे करा. यांना घरी न्या."

त्यानंतर मी बेशुद्ध पडलो. नीट घरी नेलं ते तिने मला.

पगार मंजूर झाला. पेटी बंद झाली. तरी सुरुवातीला बाया येत, आणि भिंतीपलीकडून मला ऐकू येई, "नाई वं माय, घे हात माघारी. माह्या हातात जीव नाई आता." बाई गेली की ती बराच वेळ तौबा तौबा करी. हळूहळू बाया यायच्या थांबल्या. मला वाटलं, भीती संपली.

मग कोणीतरी तिला सांगितलं की दरवर्षी फेरतपासणी असते. अध्यक्षांचा एक माणूस बाजारात तिच्याजवळून जाताना म्हणाला, "खाला, लक्ष हाय बरं आमचं." झालं. जी बाई ओट्याची पायरी झपझप उतरायची, ती बसून उतरायला लागली. काठी आली. सुईत दोरा ती जिभेच्या टोकाने चटकन ओवायची, आता माझ्याकडे घेऊन यायची, तेही मोठ्याने हाक मारत. तांदूळ निवडायला ती बाहेर बसेना, कारण खडा अचूक सापडला तर? भाजीवाला सडकं वांगं देई आणि ती मुकाट घेई. मी एकदा रागावलो. ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, मले आता बराबर आंधळी राहा लागते."

माझी बदली झाली. वरोऱ्याला परतलो, लग्न केलं, माझं मनगट अडीचावर गेलं. काही वर्षांनी सेवापुस्तकातल्या एका नोंदीसाठी त्या गावी जावं लागलं. काम आटोपून भर उन्हाचा आमच्या जुन्या गल्लीत शिरलो. दारं लागलेली, कुत्रीसुद्धा सावलीला. पुढे काही अंतरावर हलीमखाला चालली होती. पाठ माझ्याकडे. काठी काखेत मारलेली. ती सरळ चालत होती, ताठ, हात हलवत, वळणावरची नाली लांब पाऊल टाकून ओलांडत, आयुष्यभर ज्या गल्लीतून ती पेटी घेऊन गेली होती तिथून जावं तसं. काहीतरी गुणगुणतही होती. मी इतका खूश झालो की पावलं उचलली, आणि माझ्या पायाखाली खडा सरकला.

ती जागीच थिजली. काठी काखेतून खाली आली. खांदे उतरले, पाठ वाकली, मान एका बाजूला कलली. माझ्या डोळ्यांदेखत ती म्हातारी झाली.

"कोन हाय जी?"

नुसतं 'मी आहे, मास्तर' म्हटलं असतं तर झालं असतं. पण म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की मी पाहिलं. नको तिथे आयुष्यभर तोंड उघडणारा मी, नेमका तेव्हा गप्प राहिलो. न बोलता उभं राहणारं माणूस तिच्या लेखी तपासणीला आलेलं असतं, हे माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

ती घाईने एक पाऊल मागे आली आणि ओलांडून झालेल्या नालीत तिने मुद्दाम पाय घातला. पडता पडता भिंत धरली. चिखलाचा पाय घेऊन, काठी आपटत, एकेका दाराची चौकट चाचपत ती घराकडे निघाली. "दिसत नाई जी मले," ती मागे मला सांगत होती, "कायीच दिसत नाई, बिलकुल दिसत नाई," आणि स्वतःच्या दाराशी पोचल्यावरसुद्धा ते दार सापडत नसल्यासारखी भिंतीवर हात फिरवत उभी राहिली, मी जायची वाट पाहत.